बांधीत उतरलेला सोमाचा हात

अंगात येणाऱ्या बायांना मी आजवर चहा पाजून घरी पाठवलेलं आहे. "देव गेला असेल तर तू घे बाई, नसेल गेला तर त्यालाही एक घोट दे," असं म्हणायची माझी सवय. रस्त्यात उतारा दिसला तर ओलांडून जाते. एकदा तर उताऱ्यातला नारळ उचलून आणून चटणी वाटली होती... घरातल्या सगळ्यांनी खाल्ली, मग सांगितलं. माझे यजमान दोन दिवस बोलले नाहीत, बाकी काही झालं नाही. तेव्हा मी कशी बाई आहे ते आधी समजून घ्या, आणि मग पुढचं वाचा.

हे लिहायला लावलं माझ्या नातीनं. मीनू तिचं नाव, धाकट्या मुलाची मुलगी. नागपूरला राहते आणि एका बँडमध्ये बेस गिटार वाजवते. मी तिच्याकडे राहायला गेले तर खोलीच्या भिंतीवर फोटोच फोटो. कोणाचे केस कमरेपर्यंत, कोणी उघडाबंब, सगळ्यांच्या गळ्यात गिटार. मी म्हटलं, "हे कोण गं सगळे? आंघोळ करतात की नाही?" ती हसली. म्हणाली, "आजी, हे सगळे गेलेले आहेत." मग एकेकाकडे बोट दाखवून सांगायला लागली. हा असा वाजवायचा, बघ... आणि वाजवून दाखवायची. हा तार अशी ओढायचा. आणि हा मागे उभा राहायचा, बेसवाला, याच्याकडे कोणी पाहतही नव्हतं, पण हा थांबला की सगळं गाणं खाली बसायचं. ज्याचा जाण्याचा दिवस असेल त्या दिवशी ती त्याचं वाजवते. कोणी ऐको न ऐको.

मी पलंगावर बसूनच ऐकलं. म्हटलं, "मीनू, हे तर आम्ही करत होतो. याला आमच्याकडे हात काढणं म्हणत."

मग सोमाची गोष्ट निघाली. साठ-पासष्ट वर्षांत मी ती कोणाला नीट सांगितलीच नव्हती.

तर ठिकाण सांगते. सावलीहून वैनगंगेकडे जाताना आमचं गाव लागतं. नाव लिहीत नाही, तिथे अजून माणसं राहतात. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच चांद्यात होती. साल नेमकं आठवत नाही, पण एकोणीसशे पन्नास आणि साठच्या मधलं. कारण त्याच सुमारास ग्रामसेवक गावोगाव फिरून जपानी पद्धतीनं धान लावा म्हणून सांगत होते. ही जपानी पद्धत लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आम्ही धीवर. तलावात जाळं टाकायचं, थोडी धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, बाकी मजुरी. बाबा लवकर गेले. घरात माय, मी आणि माझा मोठा भाऊ सोमा. सोमा दंडारीत तुणतुणं वाजवायचा.

ज्यांनी दंडार पाहिली नाही त्यांना सांगते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दंडार. नाचणारे, गाणारे, ढोलकी, टाळ, झांज... आणि सगळ्यांच्या मागे तुणतुणंवाला. एक तार, एक काडी. त्याच्याकडे पाहणार कोण? लोक नाच्याकडे पाहतात, ढोलकीवाल्याला बिडी देतात, तुणतुणंवाल्याला "बाजूला सरक गा" म्हणतात.

सोमाच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. लहानपणी गवत कापताना विळ्यानं गेलं. त्यामुळे तो काडी अंगठा आणि मधल्या बोटात धरायचा, आणि ती मध्येच निसटायची. म्हणजे तुन तुन तुन चाललंय, आणि एकदम एक जागा रिकामी. मग पुन्हा तुन तुन. मग कधी एक रिकामी, कधी दोन. सुरुवातीला सगळे चिडवायचे. "सोम्या, तुहं तुणतुणं एकादशी धरून राह्यलं का गा?" सोमा म्हणायचा, "तुम्ही पोटभर वाजवा ना भाऊ, मी फराळावर आहो."

पण झालं काय, की नाचणाऱ्यांचे पाय त्या रिकाम्या जागेत आपोआप उचलायला लागले. बुधाजीभाऊ म्हणून आमच्या मंडळाचे म्होरके होते, ढोलकी त्यांची. ते एकदा आमच्या ओट्यावर बसून मायला म्हणाले, "वैनी, आमी इतके वर्सं पाय आपटून राह्यलो होतो. उचलाचे कुठी ते तुह्या पोरानं सांगतलं."

मायला सूर-ताल काही समजत नव्हतं. तिला इतकंच समजायचं, की संध्याकाळी चुलीपाशी बसलं की ओट्यावरून तुणतुणं ऐकू येतं आणि त्या तालावर कणीक बरी मळली जाते.

आता हात काढण्याचं सांगते. आमच्या गावची रीत होती ही, दुसरीकडे होती की नाही ठाऊक नाही. मंडईच्या दिवशी दुपारी, दंडारीचा गण म्हणायच्या आधी, मंडळातल्या गेलेल्या वाजवणाऱ्यांची नावं घ्यायची. नुसतं नाव नाही घ्यायचं. बुधाजीभाऊ नाव घेणार, आणि जिवंत असलेला कोणीतरी त्या माणसाचा हात काढून दाखवणार, म्हणजे तो जसा वाजवायचा तसंच थोडं वाजवणार. एक ढोलकीवाले होते, त्यांना एका कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांची थाप जराशी मागून यायची. एक झांजवाले होते, शेवटची झांज अर्धीच मारायचे आणि छातीशी दाबून धरायचे. ही माणसं मी जन्मायच्या आधी गेलेली. पण त्यांचे हात मला ठाऊक होते. रस्त्यात भेटले असते तर ओळखले नसते, पण अंधाऱ्या खोलीत वाजवलं असतं तर नाव सांगितलं असतं.

हात बरोबर निघाला की त्या घरचं माणूस वाद्यावर तांदूळ टाकायचं. तांदूळ पडले, म्हणजे हात लागला. मग ते नाव दरवर्षी घेतलं जायचं. आणि कोणाला हात काढताच आला नाही तर एक मंडई वाट पाहायची. दुसऱ्या मंडईतही नाही लागला तर नाव गळालं. त्याचं काही वाईट करायचं म्हणून नाही... ज्याचा हातच कोणाकडे उरला नाही त्याचं नाव घेऊन वाजवणार काय?

सोमा उन्हाळ्यात गेला. गडचिरोलीच्याही पुढे, अहेरीकडच्या जंगलात बांबू तोडायला गेला होता गावातल्या दोघातिघांबरोबर. तिथे ताप भरला. तिथून बैलगाडीनं आणावं म्हटलं तर रस्त्यातच... सोबतच्यांनी एका नाल्याच्या काठी त्याला अग्नी दिला आणि त्याचा शेला आणि जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन परत आले. तुणतुणं घरीच होतं, खुंटीवर.

माय रडली नाही. बाया घरात येऊन गळा काढत होत्या आणि ही मधून उठून गेली, विहिरीवर शेला धुतला, दोरीवर वाळत टाकला. म्हणाली, "आला म्हणजे लागन त्याले."

मी म्हटलं, "माय..."

"मी पाह्यलं काय त्याले? तू पाह्यलं काय? मंग."

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी ती तो शेला धुवायची. वापरलेला नाही, मळलेला नाही, तरी धुवायची.

मग मंडई आली. तुणतुणं आता नामा वाजवायचा. सोमाचा सोबती, चांगला वाजवणारा. बुधाजीभाऊंनी नाव घेतलं. माय पुढे बसली होती, मुठीत तांदूळ. नामानं वाजवलं.

माय म्हणाली, "नाई."

नामानं पुन्हा वाजवलं. रिकाम्या जागा सोडल्या त्यानं, पण कुठे सोडायच्या, तिथेच घोळ. कधी एक आणि कधी दोन, हे कोणालाच धरता येत नव्हतं. बाजूचे सांगायला लागले, "अरे इथी नाई, तिथी." "नाई गा, तिथी दोन होत्या." प्रत्येकाला आपलाच सोमा आठवत होता. ज्यांचे पाय त्यावर नाचले होते, त्यांनाही सांगता येईना. मोजायला गेलं की हातातून जायचं.

"हा माहा पोरगा नोहे," माय म्हणाली.

बुधाजीभाऊ तिच्याजवळ येऊन खाली बसले. हळूच म्हणाले, "वैनी, टाक तांदूळ. कोणाले समजते? नाव तरी राहीन."

"तुमाले समजते ना बुधाजीभाऊ?"

त्यांनी मान डोलावली.

"मले बी समजते. मंग कोणाले फसवाचं हाय?"

तिनं तांदूळ पदरात गाठ मारून घरी आणले. मी तेव्हा चिडले होते तिच्यावर. मला वाटलं, हट्टी आहे. पण नंतर माझ्या ध्यानात आलं, तिच्या मनाला दोन्हीकडून ओढ होती. तांदूळ टाकले म्हणजे पोरगा गेला, हे तिनं चारचौघांत मान्य केलं. आणि नाही टाकले तर पोराचं नाव जातं. एकच मंडई उरली होती. ती गाठ तिनं सोडली नाही. लुगडं बदललं की गाठ या पदरातून त्या पदरात.

मी तिच्यासाठी आठवायचा किती प्रयत्न केला. चुलीपाशी, तलावावर, भांडी घासताना. पितळेच्या गंजावर बोटं मारायची. माय दुरूनच म्हणायची, "नोहे." मी सख्खी बहीण. सगळ्यांत जास्त मीच ऐकलं असेल त्याला. आणि माझ्याच हातात काही नाही.

पुढच्या पावसाळ्यात रोवणे लागले, म्हणजे धानाची लावणी सुरू झाली. आमच्या गावातल्या लक्ष्मणभाऊंनी त्यांची रस्त्याकडची मोठी बांधी जपानी पद्धतीला दिली होती. तोवर आम्ही धान असेच लावायचो, जिथे हात पडेल तिथे रोप. आता ग्रामसेवकानं सुंभाच्या दोऱ्या आणल्या, या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत ताणल्या. दोरीवर सारख्या अंतरानं लाल चिंध्या बांधलेल्या. एकेका बाईला एकेक दोरी. दोरी धरून मागे मागे सरकायचं आणि प्रत्येक चिंधीपाशी रोप खोसायचं. आम्ही हसलो होतो, "आता धान काय शाळेत जाऊन राह्यलं, रांगेत उभं राहाले?"

मजूर बाया बहुतेक वैनगंगेपलीकडच्या होत्या, गडचिरोलीकडून आलेल्या. त्यांची म्होरकी सखूबाई. आमच्या गावची मी एकटीच. सखूबाईनं आमची दंडार कधी पाहिली नव्हती, सोमाला ओळखायचा प्रश्नच नाही. मला सगळ्यांत शेवटची, रस्त्याच्या बाजूची पाती, म्हणजे लावायची पट्टी, मिळाली.

सकाळी सुरू केलं. रिमझिम चालू होती, डोक्यावर घोंगड्या, कंबर वाकलेली, गढूळ पाणी, तोंडानं रोवण्याची गाणी. प्रत्येकीचा वेग वेगळा. कोणी पुढे, कोणी मागे, सखूबाई तर सगळ्यांच्या पुढे जाऊन धुऱ्यावर तंबाखू चोळत बसली होती. दुपारी बांधी संपली, दोऱ्या काढल्या, पाणी निवळलं. आणि लक्ष्मणभाऊ धुऱ्यावरून ओरडले, "हे काय करून ठेवलं वो बायायनो?"

आम्ही वर येऊन पाहिलं. बांधीत खाडे होते. खाडे म्हणजे रोप नाही अशा रिकाम्या जागा. पण इकडे एक तिकडे एक असे नाहीत... सगळ्या पात्यांत, त्याच त्याच ठिकाणी. धुऱ्यावर उभं राहिलं की हिरव्यातून रिकाम्या पट्ट्या आडव्या गेलेल्या दिसत होत्या. काही अरुंद, काही रुंद. एकच पाती भरलेली होती, कुठे एक रोप चुकलेलं नव्हतं. शेवटची. माझी.

सखूबाई भडकली. "मी प्रत्येक चिंधीपाशी रोप लावलं भाऊ. लेकराची शपथ. एकबी नाई सोडलं."

"मंग रोपं उडून गेले का?"

"आता ते मले काय मालूम. तुमच्या जपानाले इचारा."

ग्रामसेवकानं दोऱ्या पुन्हा पसरून पाहिल्या. चिंध्या सगळ्या जागेवर. खेकडे तोडतात रोपं, पण तोडलेलं रोप तरंगत वर येतं, आणि पाण्यावर काडी नव्हती. "खाडे भरून घ्या लगेच," एवढंच तो म्हणाला आणि चष्मा पुसत बसला.

तेवढ्यात माय आली, डोक्यावर आंबिलीची घागर आणि भाकरी घेऊन. धुऱ्यावरून चालत येताना बांधीकडे पाहत होती. मध्येच थांबली. घागर उतरवली. मग परत मागे गेली, धुऱ्याच्या पार टोकापर्यंत, आणि तिथून पुन्हा चालत आली. हळूहळू, पात्यांकडे पाहत. तिचा हात मांडीवर पडत होता. पडत होता, थांबत होता, पडत होता.

मला म्हणाली, "कमळे, पाह्यलं का?"

"काय माय?"

"सोमा हाय हा."

लक्ष्मणभाऊ वाईट माणूस नव्हते. पण त्यांचं पऱ्हं, म्हणजे लावायला उपटलेली रोपं, सुकत होतं. "मावशे, धान पिकवाचं हाय का गाणं? पाणी वाढलं म्हणजे रोप धरत नाई मंग."

माय उरलेल्या पऱ्ह्याच्या पेंढ्यांवर जाऊन बसली. सरळ बसकण मारली. "बुधाजीभाऊले बलवा. तोवर कोणी हात नाई लावाचा."

"अवो पण..."

"बलवा म्हणलं ना."

सखूबाईच्या बायांना काहीच समजत नव्हतं. एक म्हणाली, "म्हातारीले बाहेरचं लागलं वाटते." दुसरी म्हणाली, "चूप वो, तिचं पोरगं गेलं म्हणे."

बुधाजीभाऊ आले, नामा आला तुणतुणं घेऊन. घरच्या खुंटीवरचं, सोमाचंच. माय म्हणाली, "त्या टोकावरून चाला. रोप आलं की वाजव, खाडा आला की सोड."

नामा धुऱ्यावरून चालत वाजवायला लागला. जमलं नाही. रिकामी पट्टी दिसायची, पण ती एका रोपाची की दोन, हे धुऱ्यावरून समजत नव्हतं. मंडईत जिथे अडलं होतं तिथेच अडलं. तो घामाघूम झाला. "बुधाजीभाऊ, कितीची जागा हाय ते दिसत नाई जी."

बुधाजीभाऊ बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, "ही शेवटची पाती कोणाची?"

"माही," मी म्हटलं. मला वाटलं, आता विचारतील की तुझ्याच पातीत काऊन नाई?

ते म्हणाले, "नाम्या, हिची पाती भरली हाय. खाड्यासमोर हिचे किती रोपं येतेत ते पाहून मोज."

नामा पुन्हा टोकाला गेला. या खेपेला एक डोळा माझ्या पातीवर, एक खाड्यांवर. काडी तारेवर पडली.

आता हे कसं लिहू... पावसात एक तार वाजत होती, एवढंच. सखूबाईच्या बायांना काय त्याचं? तरी त्यांतल्या एकीचा चिखलातला पाय उचलला गेला. बरोबर त्या जागी. बुधाजीभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. नामा धुऱ्याच्या शेवटी येऊन थांबला आणि ढसाढसा रडायला लागला. वाजवताना त्याचं पहिलं बोट आपोआप आखडलं होतं, ते त्याचं त्यालाही समजलं नव्हतं.

बुधाजीभाऊ म्हणाले, "टाक वैनी."

मायनं पदराची गाठ चाचपली. "इथी नाई. मंडईत."

लक्ष्मणभाऊंनी त्या दिवशी खाडे भरले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नामा धुऱ्यावर फिरून फिरून वाजवत होता, पाठ होईस्तोवर. सकाळी सखूबाईच्या बाया दुसऱ्या गावी निघून गेल्या होत्या. लक्ष्मणभाऊ मला म्हणाले, "पोरी, आता तरी भरतेस का? पाणी चढून राह्यलं."

मीच भरले. एकेक खाडा. पेंढी काखेत धरून, वाकून, माझ्या भावाच्या रिकाम्या जागा मी माझ्या हातानं बुजवल्या. दुपारपर्यंत बांधी एकसारखी हिरवी झाली. दिवाळीच्या आधी धान कापलं गेलं. दाखवायला काहीच उरलं नाही. म्हणून पुरावा मागू नका, माझ्याकडे नाही.

मंडईत बुधाजीभाऊंनी नाव घेतलं. नामानं वाजवलं. माय ऐकत होती, मान खाली घालून. संपल्यावर तिनं गाठ सोडायला घेतली. वर्षभराची गाठ, सुटेना. मी पुढे झाले तर माझा हात बाजूला सारला. दातांनी सोडली. आणि तांदूळ टाकले.

मग ती रडली. जंगलातून शेला आला तेव्हाचं ते रडणं होतं, इतके दिवस कुठेतरी थांबलेलं. दंडारीवाले सगळे उभे, कोणी ढोलकीला हात लावला नाही. बऱ्याच वेळानं ती उठली, घरी गेली, दोरीवरचा शेला काढून आणला आणि नामाच्या खांद्यावर टाकला. म्हणाली, "राहू दे. वाजवतानी घाम येते."

त्यानंतर तिनं कधी काही धुतलं नाही त्याचं.

मी यावर फार डोकं लावलं आहे. गाण्याच्या तालावर बाया चुकल्या असतील म्हणावं, तर रोवण्याचं गाणं सरळ चालीचं असतं, आणि प्रत्येकीचा वेग वेगळा होता. कोणी मुद्दाम केलं म्हणावं, तर ज्यांना तो हात ठाऊक होता त्यांनाच तो काढता येत नव्हता. पण खरं सांगू? खाडे कसे पडले, यानं माझी कधी झोप उडाली नाही. मला एकच सलत राहिलं. परक्या, नदीपलीकडच्या बायांच्या हातात तो आला. माझ्या का नाही आला? मी मायला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "तुही पाती नसती तर त्याले मोजलं कोणी असतं?" मला ते पटलं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला भाऊ हवा असतो, हिशेब नाही.

नामा गेला, बुधाजीभाऊ तर त्याच्या कितीतरी आधी. मंडळ मोडलं. सोमाचा हात आता कोणाकडेच नाही.

हे सगळं मीनूला सांगून झालं तेव्हा दुपारच्या चहाची वेळ झाली होती. ती बेस मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "आजी, कसा होता तो हात? थोडातरी?"

"मला नाही येत बाई. कधीच नाही आला. मला सरळ ठेका तेवढा येतो, माझ्या पातीसारखा."

"मग तोच धर. मी शोधते त्यात."

मी स्टीलचं ताट घेतलं आणि बोटानं सरळ ठेका धरला. एकसारखा. डोळे मिटले होते, बांधी आठवत होते. मीनू वाजवेल म्हणून थांबले होते, पण ती काही वाजवेना. डोळे उघडले तर माझ्या हाताकडे पाहत होती. मोबाईल चालू करून समोर ठेवला होता तिनं.

"आजी, तू मध्ये मध्ये थांबतेस."

"नाही गं. एकसारखं तर वाजवते आहे."

"थांबतेस. कधी एक सोडतेस, कधी दोन."

मी सोडत नव्हते. एकही सोडला नाही, लेकरांची शपथ घेऊन सांगते. तिनं मोबाईलवर ऐकवलं. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, पुन्हा लाव म्हटलं, पुन्हा ऐकलं. मग माझ्या लक्षात आलं, माझं पहिलं बोट तळहातात दुमडलेलं होतं.

मीनूनं विचारलं, "हाच का?"

मी उठून तिच्या स्वयंपाकघरात गेले, डब्यातले मूठभर तांदूळ घेतले आणि पदराला गाठ मारली. ती रोज विचारते, आजी, हात लागला का? मला याचा उलगडा नाही, तेव्हाचाही नाही आणि आत्ताचाही नाही. तांदूळ अजून पदरातच आहेत. लुगडं बदलते तेव्हा गाठ या पदरातून त्या पदरात घेते.